चालू वर्तमानकाळ, साधा भूतकाळ

बुऱ्हाणपूर स्टेशनवर गाडी हलायच्या बेतात होती. मी स्लीपरच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हटलं, “जाते मग.” आईनं त्या हातावर लगेच चापटी मारली. “जाते काय? येते म्हण!” मी म्हटलं, येते. पप्पा डब्याबरोबर चालत होते. मावा जिलेबीचा खोका गजांतून आत जात नव्हता, म्हणून त्यांनी तो दारात उभ्या असलेल्या कुणाकडे तरी दिला आणि परत खिडकीशी येऊन म्हणाले, “इंग्रजीत मात्र आय अ‍ॅम गोइंगच म्हणावं लागेल हां. त्या लोकांना ही लाज नाही.” ते हसले, मग आईनं पदर डोळ्यांना लावला आणि मला प्लॅटफॉर्म दिसेनासा झाला.

आता तुम्हीच सांगा. पोरगी चालली सातासमुद्रापार, आणि तिच्याकडून वदवून काय घेतलं, तर ‘येते’. आईचं दुसरं एक होतं. तिला हाक मारली की स्वयंपाकघरातून “आले, आले!” आणि बाई अजून कणीक मळत बसलेल्या. आलेल्या नाहीत, उठलेल्यासुद्धा नाहीत, पण क्रियापद भूतकाळात जाऊन बसलेलं. अशा घरात वाढलेला माणूस कुणाच्या शब्दावर कसा विश्वास ठेवणार? माझा नवरा मिलिंद म्हणतो की मी संशयी आहे. मी म्हणते, मी लोकांचं बोलणं नीट ऐकते, एवढंच.

नीट ऐकायला पप्पांनी शिकवलं. ते बुऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या एका शाळेत इंग्रजीचे मास्तर होते आणि संध्याकाळी लोधीपुऱ्यातल्या आमच्या ओसरीत ट्यूशन घ्यायचे. सगळ्या जातीधर्माची पोरं, घरी कुणी मराठी बोलणारं, कुणी हिंदी, कुणी उर्दू, कुणी गुजराती. काळ शिकवायचे झाले की पप्पा एक केळं काढायचे. केळ्यांना तोटा नव्हता, दापोऱ्याहून, पप्पांच्या गावाहून, काका पाठवायचे. एका पोराला उभं करायचं, त्यानं केळं सोलायचं आणि खाता खाता म्हणायचं, “आय अ‍ॅम ईटिंग अ बनाना.” तोंडात केळं असल्यामुळे ते वाक्य कुणालाच नीट जमायचं नाही आणि ओसरी हसून हसून बेजार व्हायची. मग पप्पा त्याच्या हातातली साल वर धरायला लावायचे. “आता बोल. आय एट अ बनाना. केळं तोंडात आहे तोवर चालू वर्तमानकाळ. हातात साल राहिली, की साधा भूतकाळ.”

आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य. फळ्यावर दोन्ही नावं लिहून ते म्हणायचे, “नावावरूनच ओळखा रे. एक चालू आहे आणि एक साधा आहे. चालूच्या नादी लागायचं नाही. आय अ‍ॅम डूइंग माय होमवर्क म्हणणारा कधीच करत नसतो. आय डिड म्हणणारा दाखवतो.”

पण बुऱ्हाणपूरच्या पोरांना चालूच काळ प्यारा. हिंदीतलं ‘रहा है’ आमच्या मराठीत कधीच शिरून बसलेलं. कुणी जेवू राहिला, कुणी जाऊ राहिला, कुणी उगाच बसू राहिला. तेच पुढे इंग्रजीत. आय अ‍ॅम नोइंग, आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स. पप्पा कपाळाला हात लावायचे. “अरे, दोन भाऊ काय चालू-बंद होतात का?” माझा धाकटा भाऊ मनोज याच ओसरीत शिकला आणि शेवटपर्यंत सुधारला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे झालं.

एवढे काळाचे पक्के पप्पा, पण त्यांनाही मी एकदा पकडलं होतं. मी शाळेत असताना दापोऱ्याचे थोरले काका वारले. त्यांचा मुलगा सुरतला होता. पप्पांनी त्याला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. काका आत घोंगडीवर निजवलेले, तोंडात तुळशीचं पान, बायका रडताहेत, आणि पप्पा फोनवर शांतपणे सांगताहेत, “अरे बाबा, तब्येत जास्त आहे. सीरियस आहेत. निघून ये.” दादा दुसऱ्या दिवशी आला तो आजारी बापासाठी मोसंब्यांची पिशवी घेऊन. दारापुढे चपलांचा ढीग बघून तो थांबला आणि पिशवी तशीच हातात धरून उभा राहिला. मी पप्पांना नंतर विचारलं, तुम्ही खोटं का बोललात? ते म्हणाले, “प्रवासाला निघालेल्या माणसाला भूतकाळ सांगत नसतात.”

आपल्याकडे सगळेच असं करतात, मला माहीत आहे. लांब राहणाऱ्याला मेलेला माणूस आधी आजारी म्हणूनच कळतो. त्यात माया असते, तेही कबूल. पण तुमच्यापैकी जे घर सोडून गेलेत त्यांना विचारा, गावाकडून ‘आहे’ असा शब्द आला की झोप कशी उडते ते. आमच्या नशिबात ‘गेले’ नसतंच. आमच्या वाट्याला नेहमी ‘जरा बरं नाहीये’.

कॅनडात एडमंटनला आले तेव्हा इथला चालू काळ तर आणखीच चालू निघाला. जो तो विचारतो, हाऊ आर यू डूइंग, आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. पहिल्या महिन्यात मी एका शेजाऱ्याला खरंच सांगायला लागले होते की गुडघा दुखतोय, तर तो हसत हसत गाडीत बसून निघूनसुद्धा गेला. बर्फ बघून नवल वाटलं ते आठवडाभर. पुढे त्या पांढऱ्या रंगावरही माझा विश्वास राहिला नाही, कारण खाली रस्ता आहे की खड्डा ते तो कळूच देत नाही.

मला नोकरी मिळाली म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये. पाळी बदलताना येणारीला सगळं तोंडी सांगायचं, कोण कसं आहे, कुणी काय खाल्लं. पहिल्याच हिवाळ्यात मी आपल्या बुऱ्हाणपुरी इंग्रजीत सांगितलं, खोली कोपऱ्यातली, आजोबा इज नॉट ईटिंग. धावपळ उडाली. डॉक्टरांना फोन गेला, आजोबांच्या मुलीला कामावरून बोलावलं. आजोबा मजेत होते, त्यांना फक्त त्या दुपारचं सूप आवडलं नव्हतं. आमची मुख्य नर्स मारिसेल, फिलिपीन्सची, मनानं चांगली बाई, तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. एक जेवण नको म्हटलं तर ‘रिफ्यूज्ड’ म्हणायचं, झालं आणि संपलं. ‘इज रिफ्यूजिंग’ म्हटलं की माणूस शेवटच्या वाटेला लागला असं आम्ही समजतो. ‘इज नॉट ईटिंग’, ‘इज नॉट टॉकिंग’, हे शब्द इथे जपून वापर.

म्हणजे पप्पांनी चालू काळावर भरोसा ठेवू नको म्हणून शिकवलं होतं, आणि इथे त्याच चालू काळाला घाबरायला शिकले. त्या नोकरीनं माझं इंग्रजी सुधारलं आणि झोप बिघडवली.

मागच्या हिवाळ्याच्या अखेरीस महिनाभर बुऱ्हाणपूरला राहून आले. ओसरी तीच, पण ट्यूशन बंद झालेली. आता पोरं मोबाइलवर इंग्रजी शिकतात आणि मनोजनं ओसरीत आपली मोटरसायकल लावलेली. पप्पा तिच्या शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतात. महिना कसा गेला कळलं नाही. परत आल्यावर मात्र काहीतरी बिनसलं. दर रविवारी पप्पांचा आवाज यायचा, फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला, हवा-पाणी, केळीचा भाव, आणि शेवटी माझ्या मागच्या निरोपातल्या इंग्रजीच्या चुका. तो यायचा बंद झाला. एक रविवार गेला, दुसरा गेला.

मी मनोजला विचारलं. मनोज तिथल्याच एका ऑफिसात आहे आणि मला नेहमी इंग्रजीतच लिहितो. कॅनडापर्यंत मराठी पोचत नाही असा त्याचा समज असावा. त्याचं उत्तर आलं, “पप्पा इज स्लीपिंग.” पुढच्या वेळी, “पप्पा इज बाथिंग.” त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा बाथिंग. मी घड्याळ बघितलं, तिकडे भर दुपार. उन्हाळ्यात तापीला पाणी नसताना हा माणूस एवढी आंघोळ कुठून करतोय? मग आलं, “पप्पा इज गोइंग टू दापोरा.” पप्पा दापोऱ्याला शनिवारी जातात आणि तो वार मंगळवार होता. दापोऱ्याच्या नावाखाली दवाखाना असणार, अशी माझी खात्री झाली.

फोन केला तर आईनं उचलला. मी म्हटलं, पप्पांना दे. ती म्हणाली, आत्ताच डोळा लागला त्यांचा. आणि हसली. आमची आई फोनवर हसत नाही, तिला वाटतं हसण्याचे पैसे वेगळे लागतात. मी व्हिडिओ लावायला लावला. पलंगावर पप्पांची पाठ दिसली, भिंतीकडे तोंड. मी ओरडले, पप्पांना म्हणावं हात हलवा. थोड्या वेळानं एक हात वर आला आणि खाली गेला. मिलिंद म्हणाला, बघ, हलवला ना? मी म्हटलं, तो मनोजचा हात कशावरून नाही? मिलिंदनं माझ्याकडे असं बघितलं की मी पण स्वतःला विचारलं, बाई, डोकं ठिकाणावर आहे ना. पण तो हात पप्पांचाच, असं मी शपथेवर सांगू शकत नव्हते.

आणि मग एका सकाळी तो निरोप आला. “पप्पा इज नॉट टॉकिंग.”

केअर होममध्ये हे तीन-चार शब्द मी किती जणांच्या बाबतीत ऐकलेत. त्याच्यानंतर काय होतं ते मला कुणी सांगायला नको. मी मनोजला फोन केला. तो म्हणाला, “ताई, टेन्शन नको घेऊ ना. सब ठीक है. होऊन जाईल बरोबर.” होऊन जाईल! म्हणजे आता नाहीये. पप्पा जिवंत आहेत का, असा सरळ प्रश्न मला विचारता येत नव्हता, आणि विचारला असता तरी सरळ उत्तर येणार नव्हतं. मला फक्त पप्पांचा आवाज ऐकायचा होता, एक चूक काढणारं वाक्य, बास. मी सुट्टी घेतली. मिलिंद म्हणाला, तू येतेयस हे कळव तरी. मी म्हटलं, कळवलं की ते तयारी करतील. मला न कळवता जायचंय.

रिक्षा लोधीपुऱ्यात वळली तेव्हा मी आधी दारापुढच्या चपला बघितल्या. ढीग नव्हता. एकच जोड होता, आईचा. पप्पांच्या चपला नव्हत्या. चपला नाहीत म्हणजे बाहेर गेलेत, की चपला देऊन टाकल्या? दार वाजवलं. आतून आवाज आला, “आले, आले!” आणि नेहमीसारखा उशीर. दार उघडेपर्यंतचा तो वेळ मी कुणा वैऱ्यालाही देणार नाही.

आई दारात आली आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. कपाळ बघितलं. कुंकू होतं. चांगलं ठसठशीत, ओलसर, सकाळचं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले.

“अवं, तू कशी काय आली? सांगितलं बी नाही! काय झालं? जावईबापू बरे आहेत ना?” आई माझ्यापेक्षा जास्त घाबरली. संशय काय, एकदा सुटला की दोन्ही बाजूंनी धावतो.

“पप्पा कुठे आहेत?”

“दापोऱ्याला. धाकट्या काकाकडे.”

“मनोजनं लिहिलं, बोलत नाहीत.”

“नाहीच बोलू राहिले,” आई म्हणाली, अगदी साधेपणानं. “तुझ्याशी नाही बोलू राहिले. रुसलेत.”

मी उंबऱ्यावर तशीच बसून राहिले. रुसलेत! मनोजच्या मनात होतं ‘पप्पा बोलत नाहीत’. आपल्याकडे अबोला धरला की आपण हेच तर म्हणतो. सासू बोलत नाही, जाऊ बोलत नाही. त्या शहाण्यानं ते उचलून जसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं आणि ते एडमंटनला जाऊन पक्षाघात झालं. मी हसले का रडले ते आठवत नाही. आईनं पाणी आणून दिलं. मग विचारलं, मी केलं काय?

आईनं सांगितलं. मागच्या खेपेला मी परत गेले, तेव्हा दोघं सकाळपासून फोनपाशी बसून होते. विमान उतरलं की नाही, बर्फ असेल, रस्ता घसरडा असेल. फोन वाजला. पप्पांनी चष्मा लावला आणि माझा निरोप मोठ्यानं वाचला. “रीच्ड होम.” मग चष्मा काढून ठेवला. आई म्हणाली, मी देवापुढे साखर ठेवायला उठले, तर हे म्हणतात, “होम तिथे आहे, तर महिनाभर ती इथे कुठे आली होती?” मी म्हटलं, अहो, सुखरूप पोचली हे काय कमी आहे? तर म्हणे, “आणि साध्या भूतकाळात लिहिलंय. झालं आणि संपलं.” तेव्हापासून तुझ्यासाठी त्यांना नेहमी झोप येते, नाहीतर आंघोळ असते, नाहीतर दापोरा. तुझा फोन आला की भिंतीकडे तोंड.

मला राग आला. थकलेला माणूस दारात बॅगा टाकून दोन शब्द लिहितो, त्यात काय व्याकरण बघायचं? पण हेही कळत होतं की ते बरोबर बघतात. ते शब्द लिहिताना मला कुठेही अडखळल्यासारखं झालं नव्हतं.

मनोजच्या मोटरसायकलवर बसून दापोऱ्याला गेले. वाटेत त्याची चांगली हजेरी घेतली. तो म्हणाला, “अरे पण नॉट टॉकिंगच तर होते ना! मैं और क्या लिखता?” पप्पा धाकट्या काकांच्या मळ्यात बाजेवर बसलेले, बाजूला केळीचे घड तोलायचे चाललेले. मला बघून ते अर्धे उठले. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि त्यांनी ते परत आत घेतलं. मग मनोजकडे बघून म्हणाले, “मनोज, विचार तिला, कधी आली.”

मी पण त्यांचीच मुलगी. “मनोज, सांग त्यांना, आज आले.”

“विचार तिला, जेवली का.”

“सांग, नाही जेवले. आणि हेही सांग, की ते दर शनिवारी लोधीपुऱ्यातून निघताना आईला काय सांगतात? घरी जातोय, असंच ना? मग ज्या घरात संसार केला, पोरं वाढवली, ते लोधीपुऱ्याचं काय आहे, धर्मशाळा? त्यांनी म्हटलेलं चालतं आणि मी लिहिलेलं नाही चालत?”

मनोज मध्ये उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. काका काट्यावरचा घड धरून थांबले. पप्पांनी केळीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, आता हे कायमचं. मग ते बोलले, मनोजला नाही, मला.

“मी घरी जातोय असं म्हणतो. घरी पोचलो असं कधी म्हटलंय? विचार काकाला. विचार आईला. माझे आई-बाप गेले त्या दिवसापासून इथे उतरतो, चहा पितो, बाजेवर बसतो. पोचत नाही. तिकडे लोधीपुऱ्यात परत जातो, तिथेही असं वाटत नाही. एवढी वर्षं झाली, मी आपला जाऊच राहिलोय.” पप्पांच्या तोंडी ‘जाऊ राहिलोय’ मी पहिल्यांदा ऐकलं. “आणि तू दोन शब्दांत पोचून गेली. मला वाटलं, हिला जमलं. मग वाटलं, हिला जमलं म्हणजे आपली गेली.”

मी त्यांच्या शेजारी बाजेवर बसले. मला बरं वाटत होतं की ते बोलले, आणि भीती वाटत होती की ते खरं बोलले. काकांनी केळी आणून समोर ठेवली. आम्ही दोघांनी खाल्ली. त्यांनी विचारलं, तिकडे केळं कसं मिळतं? मी म्हटलं, हिरवं आणि महाग. ते म्हणाले, मग खा अजून एक.

जे मागे राहिलात त्यांना सांगते, तुम्ही ‘सगळं ठीक चाललंय’ लिहिता तेव्हा आम्ही त्या वाक्याची नाडी बघत बसतो. जे माझ्यासारखे गेलात त्यांना वेगळं काय सांगू? आपल्यालाही तिकडून कुणीतरी असंच शब्द न् शब्द चाळून वाचत असतं, एवढं ध्यानात असू द्या. घर कुठलं, हे मी आता कुणाला ठामपणे सांगत नाही. सांगायला लागले की माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही.

थोडे दिवस राहून परत आले. एडमंटनला विमान उतरलं, बॅगा आल्या, मिलिंद म्हणाला, पोचल्याचं कळव, वाट बघत असतील. मी फोन काढला आणि लिहिलं, “रीच्ड.” पुढचा शब्द लिहिण्यासाठी बोट तिथेच धरून ठेवलं. गर्दी माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. शेवटी तेवढंच पाठवून दिलं.

गाडीत बसेपर्यंत पप्पांचं उत्तर आलं. “रीच्ड व्हेअर? सेंटेन्स इज इनकम्प्लीट.”

ते रागावलेत की हसताहेत, मी शोधत बसले. काही कळलं नाही. मग लिहिलं, “येस, सर,” आणि वाक्य तसंच राहू दिलं.